कुलपातला थेंब

"कुलूप लावलंस की एकदा ओढून बघ. लागलंय असं वाटणं वेगळं आणि लागणं वेगळं."

आमचे हे जाऊन वर्ष होत आलं, तरी मी दाराबाहेर पाऊल टाकलं की कानाशी हा आवाज येतोच. यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची एक खोली. भिंतीवर वारस नसलेल्या किल्ल्या टांगलेल्या, टेबलावर कानशी आणि चिमटे, आणि दाराशी रडकुंडीला आलेलं कुणी तरी. हे त्या माणसाला काही न विचारता पेटी उचलत आणि त्याच्या मागे चालू लागत.

त्या पेटीत तेलाची एक कुपी असे. मशीनच्या तेलात हे कापराची वडी टाकून ठेवायचे, लोखंडाला गंज धरत नाही म्हणून. आणि यांचा एक दंडक होता. किल्लीवाचून उघडलेल्या कुलपात तेलाचा एक थेंब सोडल्याशिवाय ते पुन्हा मिटायचं नाही. म्हणायचे, आपण त्याच्या पोटात आकडा घातला, दुखलं असेल त्याला. मी हसायचे. कुलपाचं एवढं दुखणं कळतं, आणि बायकोच्या गुडघ्यांना तेल कुणी विचारत नाही, असं ऐकवायचे.

ही रीत दुसऱ्या कुठल्या दुकानात नव्हती. यांच्याकडून ती एकच माणूस शिकला. तो आमचा जावई.

जावई व्हायच्या आधी तो यांच्या हाताखाली काम शिकायला होता. दुकानात त्याला सगळे कानस म्हणत. अंगाने तसाच, सडसडीत, आणि हातात घेतलेली वस्तू मनासारखी झिजेपर्यंत न सोडणारा. मला काकू म्हणायचा, लग्नानंतरही काकूच म्हणत राहिला. ठकूला, आमच्या एकुलत्या एक लेकीला, त्याने स्वतः होऊन मागणी घातली. त्याचा आवाज कधी चढला नाही. मी स्वतः हळू बोलणारी, मला त्याचं तेच आवडलं होतं.

लग्नानंतर ठकूचं येणं कमी झालं, मग थांबलं. फोनवर 'बरी आहे' एवढंच. एक दिवस हे पेटी घेऊन तिच्या घरी गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आतून ठकूचा आवाज येत होता. कानसने स्वतः घडवलेलं कुलूप. यांनी ते उघडलं, लेकीला घेऊन घरी आले, आणि तिचं सुजलेलं मनगट मी शेकत असताना कोपऱ्यात बसून राहिले. मग म्हणाले, "माझीच विद्या होती गं त्यात. खाच न् खाच ओळखीची."

कोर्टाने आदेश दिला, की त्याने ठकूच्या आसपास फिरकायचं नाही. तो कागद हातात आला तोवर यांनी अंथरूण धरलं होतं, ते पुन्हा उठलेच नाहीत. जायच्या आधी माझा हात धरून म्हणाले, "दारं उघडायला त्याला मी शिकवलं. आता ठकूचं दार तू राख." मी म्हटलं, राखीन.

मी नेमाची बाई आहे. पहाटे देवाचं नाव घेतल्याशिवाय पाणी पीत नाही, तिन्हीसांजेला खिडकीत दिवा लावल्याशिवाय टेकत नाही, आणि जाणूनबुजून खोटं बोलत नाही. यांना दिलेला शब्द मी या तिन्हींच्या शेजारी ठेवला.

हे गेल्यावर थोड्याच दिवसांनी मी बाजारातून आले, कुलूप काढलं, आणि बोटांना कापराचा वास आला. घरात काही चोरीला गेलं नव्हतं. फक्त ठकूच्या खोलीतली खुर्ची, जी नेहमी खिडकीकडे तोंड करून असायची, ती दाराकडे वळवून ठेवलेली होती. जणू कुणी तरी तिथे बसून आमची वाट पाहिली होती आणि मग कंटाळून उठून गेलं होतं. मी ती खुर्ची पुन्हा फिरवली. काही दिवसांनी ती पुन्हा दाराकडे. देवघरात कापूर लावायचं मी तेव्हाच बंद केलं. आयुष्यभर ज्या वासाने मन निवायचं, तो वास आला की मी आता आधी दाराकडे बघायचे.

मग एका सकाळी आम्ही दोघी दोन पिशव्या घेऊन घरातून निघालो.

ज्या गावात येऊन थांबलो ते आमच्याच राज्याच्या टोकाला होतं. तिथून पुढे दोन रस्ते फुटतात, आणि दोन्ही दुसऱ्या राज्यांत जातात. तिथे शिवणकामाचा कारखाना चालवणाऱ्या एका बाई होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. इस्पितळांच्या चादरी आणि डॉक्टरांचे झगे त्यांच्याकडे शिवून होत. खाली मशीनं, वर एक खोली. ठकूला मशीनवर काम मिळालं आणि आम्हाला ती खोली. खिडकी रस्त्यावर होती आणि समोर बसस्थानक. उजव्या हाताच्या फलाटावरून वरच्या, डोंगराकडच्या राज्याच्या गाड्या सुटत, डाव्या हाताच्या फलाटावरून समुद्राकडच्या राज्याच्या. इथे आम्ही फक्त ठरेपर्यंत राहणार होतो. आणि ठरत नव्हतं.

वरच्या राज्यात माझा थोरला भाऊ, दादा, छापखाना चालवतो. मोठं घर, अंगणात सतत कामगारांची ये-जा, भिंतीला लागून शेजार. आणि वकिलांनी सांगितलं होतं की आमच्या राज्याचा आणि त्या राज्याचा करार आहे. आमच्या कोर्टाचा आदेश तिथल्या चौकीत नेऊन दाखवला की त्याच दिवसापासून तिथेही लागू. कानस फाटकाशी दिसला तरी त्याला उचलता येईल. पण दादाचं घर कानसला ठाऊक होतं. लग्नात तो तिथे राहून आला होता, आणि त्यांच्या मागच्या दाराचं कुलूप त्यानेच बसवलं होतं.

समुद्राकडच्या राज्यात आम्हाला कुत्रंही ओळखत नव्हतं. तिथल्या डोळ्यांच्या इस्पितळात एक नर्सबाई होत्या, मावशींकडून चादरी घेणाऱ्या. त्यांनी ठकूला तिथल्या शिवणविभागात काम आणि परिचारिकांच्या वसतिगृहात एक खाट देऊ केली होती. खाट एकच. आणि आमचा आदेश तिथे चालत नव्हता. नव्याने अर्ज करायचा, आणि निकाल लागेपर्यंत कायद्याच्या नजरेत तो नुसता बायकोला भेटायला आलेला नवरा.

एकीकडे कायदा होता आणि पत्ता उघडा होता. दुसरीकडे पत्ता झाकलेला होता आणि कायदा नव्हता. मी दादाकडे ओढत होते, ठकू समुद्राकडे.

"मामाकडे मामी आहे, आई," ती म्हणायची. "सकाळी आपण पोचलो की दुपारी आख्ख्या गल्लीला कळेल."

यात खोटं काही नव्हतं. वहिनीच्या तोंडाला बसेल असं कुलूप करून द्या, असं दादाने यांना एकदा गमतीने सांगितलं होतं, आणि हे म्हणाले होते, मापच सापडत नाही. पण मला ठकूला एकटीला पाठवायचं नव्हतं. तिचं दार राखीन म्हटलं होतं, आणि दार राखायचं म्हणजे दारात बसायचं, एवढंच मला कळत होतं. म्हणून रोज मी म्हणायचे, आणखी चार दिवस थांबू. खाली मावशी हसायच्या. म्हणायच्या, तुम्ही मायलेकी दोन राज्यांत घर शोधताय आणि राहताय माझ्या माळ्यावर, भाडं कुठल्या राज्याच्या दराने लावू.

अशातच एका दुपारी मी वातींसाठी कापूस आणायला गेले. ठकू खाली मशीनवर होती. वर आले, कुलपात किल्ली घातली, आणि ती अशी अलगद फिरली की माझा हात जागीच थांबला. ते कुलूप जुनं होतं, रोज कुरकुरायचं.

मी बोटं नाकाशी नेली.

दार ढकलायचं मला धैर्य होईना. खाली मशीनांचा आवाज चालू होता, बायका कशावर तरी हसत होत्या, आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर नाव घेत उभी होते. शेवटी पायानेच दार लोटलं. खोली रिकामी होती. अंथरुणं गुंडाळलेली, तांब्यावर पेला पालथा, सगळं जसंच्या तसं. आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची दाराकडे वळवलेली.

ठकू वर आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. तिने खुर्ची पाहिली. भिंतीला पाठ लावून ती हळूहळू खाली बसली, आणि डावं मनगट उजव्या मुठीत घट्ट धरलं.

मी म्हटलं, तेल सोडायची त्याला सवयच आहे, हात आपोआप जात असेल.

"सवय नाही, आई," ती म्हणाली. "तो सही करतो."

तिला मावशींपाशी बसवून मी कुलूप घेऊन चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं, आदेशाचा कागद वाचला, कुलूप हातात घेऊन हुंगलंही. मग विचारलं, चोरीला काय गेलं. मी म्हटलं, काही नाही. कुलूप फुटलं का. नाही. त्याला कुणी पाहिलं का. नाही. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. म्हणाले, बाई, कुलपात तेल असणारच, नसतं तर तक्रार समजू शकलो असतो. आणि निघताना जरा नरमाईने म्हणाले, की जायचं असेल तर लवकर कुठल्या तरी एका राज्यात जा. असं मधल्यामध्ये राहणं बरं नाही.

परत येईपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती. नेम चुकला म्हणून जिवाला लागून राहिलं होतं. वळणावरून रस्त्यात आले, सहज मान वर केली, आणि तिथेच थांबले.

ठकूने वर जाऊन माझ्याऐवजी दिवा लावला होता. या गावात आल्यापासून तिन्हीसांजेला मी नेहमी खोलीत असायचे. रस्त्यावरून माझी खिडकी मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या दिव्याला एक पत्र्याची टोपी आहे. वाऱ्याने ज्योत विझते म्हणून यांनी मला करून दिली. तिला भोकं पाडून वेल काढायचं काम यांनी कानसला दिलं होतं. तो दुकानात नवीन होता, हे त्याचं पहिलं काम. सगळी पानं सारखी, आणि एक पान घसरून दांडीपासून लांब गेलेलं. ते चुकलेलं पान पाहून हे रागावले नव्हते, राहू दे म्हणाले होते. आता ती वेल आमच्या खिडकीच्या काचेवर उजळली होती, आणि ते भरकटलेलं पान पार रस्त्याच्या पलीकडूनही दिसत होतं. आख्ख्या रस्त्यात दुसरा असा दिवा नव्हता. कुठल्याही राज्यात नसेल.

तो आम्हाला शोधतच नव्हता. तो दिवा शोधत होता. काकू दिवा लावल्याशिवाय टेकत नाहीत, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? तिन्हीसांजेला गावोगावच्या रस्त्यांवरून मान वर करून चालत आला असेल तो. आणि मी रोज न चुकता, हात जोडून, त्याला रस्ता दाखवत होते.

मी जिना कशी चढले मला आठवत नाही. दिव्यावर हात नेला, तेवढ्यात ठकू म्हणाली, "विझवते आहेस?" तिलाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण ती टोपीकडे बघत होती. माझा हात मात्र तिथेच थांबला. दिवा विझला तर त्याला कळेल की आम्हाला कळलं. खाली रस्त्यावर तो कुठे उभा होता कुणास ठाऊक. मी हात मागे घेतला, खिडकीपासून दूर झाले, आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून त्या उजेडाकडे पाहत बसलो. देवासाठी लावलेल्या दिव्याची मला कधी भीती वाटेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

पहाटे नाव घेताना मन लागेना. सारखं एकच पुढे येत होतं: तो दिव्यामागे येतो. मग कधी तरी तेच वाक्य उलटून समोर आलं. दिवा नेईन तिथे तो येतो. देवाने सुचवलं असं मी म्हणत नाही, भीतीनेही माणसाला सुचतं.

ठकू उठल्यावर मी तिला सांगितलं की दोन राज्यांतलं एक निवडायचं नाही. ती समुद्राकडे जाईल. मी दिवा घेऊन दादाकडे जाईन. तिथे आदेश लागू आहे, अंगणात कामगार आहेत, दादा चौकीत कागद देऊन ठेवेल. त्याने यावं, फाटकाशी उभं राहावं, आणि तिथल्या पोलिसांनी त्याला पाहावं.

तिने अंथरूण गुंडाळून भिंतीशी ठेवलं. मग म्हणाली, "तो तुझ्याकडे येईल, आई."

"येऊ दे. त्याला हवं ते माझ्याकडे नसेल."

"आणि तुला काही केलं तर?"

तिच्यासाठीसुद्धा मला खोटं बोलता येत नव्हतं. मी तिचे केस विंचरायला घेतले. तिने लहानपणीसारखी मान पुढे केली. फणी तिच्या केसांत अडकत होती, तरी तिने मान मागे घेतली नाही.

मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी प्रश्न विचारले नाहीत, फक्त शिवलेल्या चादरींचे गठ्ठे नर्सबाईंच्या इस्पितळात त्या दिवशीच पाठवायचे ठरवले. टेम्पो कारखान्याच्या मागच्या दारी लागायचा, आणि गठ्ठ्यांबरोबर मावशी नेहमी जातीने जात. भर दुपारी, मशीनं चालू असताना, कारखान्यातल्या सगळ्या बायकांसारखा डोक्याला रुमाल आणि तोंडाला फडकं बांधून ठकू गठ्ठे उचलत बाहेर गेली आणि परत आत आली नाही. मी मागच्या दारापर्यंत गेले नाही. पुढच्या खिडकीत, सगळ्यांना दिसेल अशी, वाती वळत बसले. निघण्यापूर्वी तिने माझ्या पायांना हात लावला होता तेवढाच. मी म्हटलं होतं, "कुलूप लावलंस की ओढून बघ." ती म्हणाली होती, "बाबांसारखी बोलू नकोस, रडायला येतं."

मावशी संध्याकाळच्या आत परतल्या. ठकू वसतिगृहाच्या दाराआड गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. मग समोरच्या टपरीवर जाऊन, कुणी न विचारता, मोठ्या आवाजात सांगून आल्या, की वरची मुलगी मामाकडे गेली बाई पुढे, म्हातारी उद्या जायची आहे. आयुष्यात कधी एवढं छान खोटं बोलले नव्हते, असं मला येऊन म्हणाल्या. म्हातारी कुणाला म्हटलंत, एवढंच मी विचारलं. खोटं त्यांचं, तर पाप कुणाच्या नावावर, हे मी देवाला विचारलं नाही.

तिन्हीसांज झाली. दाराच्या फटीत मी यांची लाकडी पाचर ठोकून बसवली. पेटीतली तेवढी एकच वस्तू मी घरून निघताना उचलली होती. पाचरीला किल्ली नसते, हे म्हणायचे, म्हणून तिच्यापुढे कुठल्याही कारागिराचं चालत नाही. मग दिवा लावला, टोपी ठेवली, हात जोडले. काचेवर वेल उमटली.

खालची मशीनं बंद झाली. बायका बोलत बोलत निघून गेल्या. जिना शांत झाला, आणि मग त्याची मधली पायरी वाजली. ती पायरी प्रत्येकाच्या पायाखाली वाजते. त्यानंतर पाऊल वाजलं नाही. कुणी तरी दाराबाहेर येऊन उभं राहिलं होतं आणि श्वास घेत होतं.

"काकू," तो म्हणाला. तोच हळू आवाज. "मी आहे."

मी नाव घेत होते, पण ओठ हलत होते तेवढेच.

"ठकू पुढे गेली म्हणतात. मामांकडे."

मी गप्प राहिले. बोलले असते तर खरं तेच बोलावं लागलं असतं.

"बोलू नका, काकू. तुम्हाला खोटं बोलवत नाही, मला माहीत आहे. तुम्ही तरी कुठे चाललात?"

"दादाकडे," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "उद्या सकाळी."

"दिवा नेणार?"

"तो लावायचा माझा नेम आहे. जिथे जाईन तिथे लागेल. चुकणार नाही."

मग दार आत दाबलं गेलं, अगदी हलकेच. पाचर कुरकुरली आणि बसली. त्याने पुन्हा दाबलं नाही. धक्के मारणारा तो कधीच नव्हता. कडी सरकल्याचा आवाज आला, आणि मग कुलूप मिटल्याचा. खट्. माझं कुलूप बाहेर कडीला लटकत होतं, त्याने ते लावून टाकलं होतं.

मला आत कोंडलं गेल्याचं कळायला एक क्षण लागला. ठकूला तो आवाज रोज ऐकू येत असेल. आपल्या घरात बसून, खिडकी उघडी, उजेड आहे, हवा आहे, आणि खट्. तिच्या मनगटाकडे मी एवढे दिवस पाहत होते, पण तिचं भय मला त्या आवाजाने समजलं. दाराखालच्या फटीतून कापराचा वास आत येत होता.

"मी पुढे जातो, काकू," तो म्हणाला. "तुम्ही सावकाश या."

मधली पायरी वाजली. भिंतीला धरून मी खिडकीशी गेले. तो रस्ता ओलांडत होता. हातात यांच्यासारखीच पेटी. स्थानकाच्या दिव्याखाली थांबून त्याने वर पाहिलं, माझ्याकडे नाही, दिव्याकडे. मग तो वळला, आणि मी श्वास रोखून पाहत राहिले की कुठल्या हाताला वळतो.

उजव्या. वरच्या राज्याची संध्याकाळची गाडी लागलेली होती. तो चढला, खिडकीशी बसला, गाडी हलली.

मी खाली बसले आणि तोंडात पदराचा बोळा घालून रडले. ठकूसाठी जिवात जीव आला होता. आणि मला ज्या घरी जायचं होतं, त्या घरी तो माझ्याआधी पोचणार होता.

दादाला फोन लावला. सकाळीच मी त्याला सगळं कळवलं होतं, आणि तो दिवसाच चौकीत जाऊन आदेशाची प्रत देऊन आला होता, तिथल्या साहेबांनी माणूस ठेवतो म्हटलं होतं. छापखान्यातले चार जण अंगणात झोपणार होते. मागच्या दाराचं कुलूप त्याने काढून फेकलं होतं आणि तिथे आतून फळ्या ठोकल्या होत्या. म्हणाला, तू वाटलं तर दोन दिवस थांब, त्याला पकडला की ये. मी म्हटलं, मी आले नाही तर तो तिथे कशाला थांबेल. परत इकडे वळेल, आणि इकडून समुद्राकडचा रस्ताही फुटतो. दादा म्हणाला, भित्री होतीस गं तू लहानपणी. मी म्हटलं, अजून आहे.

रात्रभर पाचर तशीच ठेवली. पहाटे नाव घेतलं, पाणी प्यायले. दिव्यातलं तेल काढलं, टोपी कापडात गुंडाळली, पण पिशवीत सगळ्यात वर ठेवली. पहिल्या मशीनचा आवाज आल्यावर पाचर काढली, दाराखालून किल्ली सरकवली आणि मावशींना हाक मारली. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुठलीही थट्टा केली नाही. डाव्या फलाटावरची गाडीही लागलीय, एवढंच हळूच म्हणाल्या. लेकीकडेच जावंसं वाटत असेल ना.

वाटत होतं. इतकं वाटत होतं की मी तिकडे पाहिलं नाही.

कुलूप मिटलं. बोटांना तेल लागलं, ते मी पुसलं नाही. एकदा ओढून पाहिलं. लागलं होतं. मग पिशवी उचलली, गुडघ्यांना सांभाळत एकेक पायरी उतरले, आणि रस्ता ओलांडून उजव्या हाताच्या फलाटाकडे चालू लागले.